घराची स्वच्छता आणि राखणीचा कुत्रा

जवाहरनगर हे भंडारा जिल्ह्यातील, नागपूर-भंडारा मार्गालगतचे गाव. १९६० च्या दशकात येथे आयुध निर्माणी उभी राहिली, तिच्या कर्मचाऱ्यांसाठी वसाहत झाली, आणि धानाच्या शेतीने वेढलेल्या ह्या भागात शहरी राहणी व खेड्याची राहणी शेजारी शेजारी नांदू लागली. एका बाजूस सिमेंटच्या अथवा फरशीच्या जमिनीची घरे, तर थोडे पुढे गेले की मातीच्या भिंतींची व शेणाने सारवलेल्या अंगणाची घरे. ह्या दोन्ही प्रकारच्या घरांत एक प्राणी मात्र सारखाच आढळतो. तो म्हणजे दाराशी बसलेला कुत्रा.

शेतकऱ्याच्या संसारात कुत्र्याचे काम थोडे नाही. कापणीनंतर शेतात रचलेल्या धानाच्या पुंजण्यांची राखण, रानडुकरांना हुसकावणे, रात्री परक्या पावलाची चाहूल लागताच घर जागे करणे, ही सर्व कामे तो बिनतक्रार करतो. बैलासाठी आपण पोळा साजरा करतो, गाईवासरांसाठी वसुबारस पाळतो. कुत्र्याच्या वाट्यास बहुधा उरलासुरला भात व चतकोर भाकर एवढेच येते. त्याच्या आजाराकडे कोणी लक्ष दिले तर दिले, नाही तर नाही. यास्तव, घर स्वच्छ ठेवण्यासाठी आपण जी औषधी द्रव्ये वापरतो त्यांच्यापासून ह्या मुक्या राखणदारास कोणता अपाय होऊ शकतो आणि तो कसा टाळावा, ह्याची माहिती येथे देण्याचे योजिले आहे.

पूर्वीची साधने व आजची साधने

भंडारा हे पितळी भांड्यांच्या धंद्यासाठी फार पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. ती भांडी घरोघर चिंचेने व राखेने घासली जात. कपडे रिठ्यांनी धुतले जात, जमीन शेणाने सारवली जात असे आणि अंगणात सडा पडत असे. अशा सारवलेल्या जमिनीवर कुत्रा लोळला, ती त्याने हुंगली किंवा चाटली, तरी त्याच्या जिवास धोका होत नसे.

पूर्वीचे सर्वच निर्धोक होते असे मात्र समजू नये. दिवाळीपूर्वी भिंतींना लावावयाचा चुना, विशेषतः पाण्यात नुकताच विरवलेला कळीचा चुना, त्वचा व डोळे भाजतो. रिठ्याचे पाणी डोळ्यांत गेल्यास आग होते. परंतु चुना वर्षातून एकदा घरात येई आणि रिठे आठवड्यातून एकदा भिजत. आज फिनाईल, शौचकूप धुण्याचे आम्ल, ब्लीचिंग पावडर, धुण्याचा सोडा, डिटर्जंट आणि सुवासिक फरशी-द्रव ही द्रव्ये रोज हाताळली जातात. साधने बदलली, जमीन बदलली. परंतु कुत्रा बदललेला नाही. तो पूर्वीप्रमाणेच नाकाने जग ओळखतो, जमिनीवर निजतो आणि जिभेने अंग स्वच्छ करतो. सारा धोका ह्या एका गोष्टीत साठलेला आहे.

विष कुत्र्यापर्यंत कसे पोहोचते

मनुष्य ओल्या फरशीवरून चालत गेला तरी नंतर आपले पाय चाटीत नाही. कुत्र्याची गोष्ट निराळी. त्याच्या पंजांच्या गाद्या उघड्या असतात आणि बोटांमध्ये केस व खाचा असतात. फरशीवरील द्रव त्यांत शिरून राहतो. थोड्या वेळाने कुत्रा सावलीत बसून पंजे चाटू लागतो आणि तो द्रव त्याच्या पोटात जातो. म्हणून प्रत्येक गृहिणीने एवढे सूत्र ध्यानी धरावे की, जे जमिनीला लागते ते कुत्र्याच्या पोटात जाते.

दुसरा मार्ग श्वासाचा. मनुष्याचे नाक जमिनीपासून चार-पाच फूट उंच असते, तर कुत्र्याचे नाक बहुतेक वेळ जमिनीलगत असते. बंद न्हाणीघरात आम्ल ओतल्यावर जी वाफ आपल्यास थोडी झोंबते, ती जमिनीलगत अधिक दाट असते.

तिसरा मार्ग म्हणजे पाणी पिणे. उन्हाळ्यात भंडाऱ्याकडील ऊन प्रखर असते. तहानलेला कुत्रा पोतेऱ्याच्या बादलीतले, मोरीतले अथवा शौचकुपातले पाणी पिण्यास मागेपुढे पाहत नाही. चौथा मार्ग पिलांच्या खोडकरपणाचा. दात येत असलेले पिल्लू जे हाती लागेल ते चावते, मग ती चप्पल असो की आम्लाची प्लास्टिकची बाटली असो.

ह्यातच वजनाचा हिशेब आहे. ६० किलो वजनाच्या मनुष्याच्या पोटात एक चमचा द्रव गेला आणि तेवढाच द्रव ५ किलोच्या पिलाच्या पोटात गेला, तर वजनाच्या मानाने पिलाच्या वाट्यास बारापट अधिक विष येते. मनुष्यास ज्याने नुसती मळमळ होईल त्यानेच पिल्लू दगावू शकते.

निरनिराळी द्रव्ये व त्यांचे अपाय

फिनाईल. काळे फिनाईल हे डांबरापासून निघणाऱ्या फिनॉल, क्रेसॉल इत्यादी द्रव्यांपासून बनते. ते पोटात गेले तर अपाय करतेच, परंतु ते त्वचेतूनही शरीरात शिरते, हे पुष्कळांस ठाऊक नसते. तोंड भाजणे, लाळ गळणे, झोकांड्या खाणे, अंग थरथरणे, लघवी काळसर होणे ही त्याची लक्षणे होत. पुढे यकृत व मूत्रपिंड यांना इजा पोहोचते. मांजरास तर ते कुत्र्याहूनही अधिक घातक आहे, कारण मांजराच्या यकृतास अशी द्रव्ये निरुपद्रवी करण्याची शक्ती फार थोडी असते. पांढऱ्या फिनाईलमध्ये बहुधा पाइन (चीड) जातीच्या झाडांचे तेल असते. ते पोटात गेल्यास वांत्या व अशक्तता येते, आणि वांती होताना ते फुफ्फुसात उतरल्यास न्यूमोनिया होतो.

आम्ल. शौचकूप धुण्याच्या निळ्या द्रवात सामान्यतः सुमारे १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्ल असते. फरशीचे डाग काढण्यासाठी सुटे मिळणारे आम्ल त्याहूनही तीव्र असू शकते. त्याने जीभ, हिरड्या व अन्ननलिका भाजते. आम्लाचा चटका तत्काळ लागतो, त्यामुळे कुत्रा ते फार पीत नाही. परंतु अंगावर वा पंजांवर सांडले तर चाटून तोंडही भाजून घेतो.

क्षार. तुंबलेली मोरी मोकळी करण्यासाठी वापरावयाचा कॉस्टिक सोडा आम्लाहूनही फसवा आहे. त्याचा चटका प्रारंभी तितका जाणवत नाही आणि तो मांसात खोल शिरत जातो. पहिल्या काही तासांत तोंड साधारण दिसते, आणि मग जिभेवर व घशात फोड उठतात. अन्ननलिकेचा व्रण बरा होताना ती आकसते आणि कुत्र्यास पुढे घास गिळता येत नाही. साधा धुण्याचा सोडा त्यापेक्षा सौम्य असला तरी तोंड व पोट यांची आग करतोच.

ब्लीच. पातळ केलेले ब्लीच वाळून गेल्यावर फारसा अपाय करीत नाही. परंतु तीव्र द्रव किंवा कोरडी ब्लीचिंग पावडर डोळे, श्वासनलिका व पंजे यांस जाळते. येथे एक गोष्ट विशेष सांगावयाची आहे. ब्लीच व आम्ल ही दोन्ही द्रव्ये एकत्र कधीही करू नयेत. त्यांच्या मिश्रणातून क्लोरीन वायू निघतो. हा विषारी वायू हवेहून सुमारे अडीच पट जड असल्याने जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका तेथे, जेथे कुत्रा निजलेला असतो. दोहोंनी शौचकूप अधिक स्वच्छ होईल ह्या समजुतीने असे मिश्रण करणारी माणसेही त्यामुळे गुदमरतात. कुत्र्याने लघवी केलेल्या जागी थेट ब्लीच ओतणेही योग्य नव्हे. लघवीतील अमोनियाशी त्याचा संयोग होऊन झोंबणारा वायू निघतो. ती जागा आधी पाण्याने धुवावी.

सुवासिक फरशी-द्रव. ह्यांपैकी काहींत बेंझाल्कोनियम क्लोराईडसारखी जंतुनाशके असतात. पाणी न घालता वापरल्यास त्यांनी जिभेवर व्रण पडतात, पुष्कळ लाळ गळते व ताप येतो. ही लक्षणे काही तासांनी दिसू लागतात. त्यामुळे सकाळच्या पुसण्याचा व सायंकाळच्या आजाराचा संबंध घरच्यांच्या ध्यानी येत नाही.

डिटर्जंट. धुण्याच्या भुकटीने उलटी व हगवण होते. हा अपाय सामान्यतः लवकर बरा होतो. धोका आहे तो फेस फुफ्फुसात जाण्याचा.

डांबरगोळ्या. कपड्यांत व मोरीत ठेवावयाच्या ह्या पांढऱ्या गोळ्या पिल्लास खेळणे वाटतात. नॅफ्थलीनच्या गोळ्यांनी रक्तातील तांबड्या पेशी फुटतात. लहान कुत्र्यास एक गोळीही घातक ठरू शकते. मोरीच्या जाळीवर उघडी डांबरगोळी ठेवण्याची पद्धत कुत्रा असलेल्या घरी सोडून द्यावी.

फिनाईल हे औषध नव्हे

वर सांगितलेले अपाय बहुतेक अनवधानाने घडतात. परंतु आमच्या खेड्यांतून एक अपाय जाणूनबुजून व चांगल्या हेतूने केला जातो. त्याविषयी स्पष्ट बोलणे आवश्यक आहे.

असा प्रसंग कल्पावा. पावसाळ्यात कुत्र्याच्या अंगावर गोचिडे फार झाली आहेत. कान भरले आहेत, बोटांच्या खाचा भरल्या आहेत. घरधनी म्हणतो, फिनाईलने किडे मरतात, मग गोचिडे का मरू नयेत? तो बादलीभर पाण्यात फिनाईल ओततो, कुत्र्यास खांबाशी बांधतो आणि त्यास त्या पाण्याने न्हाऊ घालतो. गोचिडे काही गळतात. कुत्रा मात्र अंग चाटू लागतो. त्वचेतून शिरलेले फिनॉल आणि जिभेने घेतलेले फिनॉल ही दोन्ही एकत्र होतात. सायंकाळी तो खात नाही, रात्री थरथरतो, आणि सकाळी उठत नाही. घरातील माणसे म्हणतात, गोचिडांनी रक्त पिऊन टाकले. फिनाईलचे नाव कोणी घेत नाही, कारण ते तर औषध म्हणून लावलेले असते.

हीच चूक जखमेच्या बाबतीत होते. जखमेत अळ्या पडल्या, ज्यास कोठे कोठे आसडी पडणे असे म्हणतात, की त्यात फिनाईल, रॉकेल किंवा डांबरगोळीची पूड भरली जाते. उघड्या मांसातून ही द्रव्ये त्वचेहूनही अधिक वेगाने रक्तात मिसळतात. अळ्या मरतात, परंतु भोवतालचे निरोगी मांसही मरते आणि जखम वाढते. रॉकेल चाटले गेल्यास फुफ्फुसास धोका होतो.

हे करणारा मनुष्य निर्दय नसतो. उलट, त्यास कुत्र्याची काळजी असते म्हणूनच तो उपाय शोधतो. त्याने शोधावयाचा उपाय पशुवैद्यकीय दवाखान्यात आहे. गोचिडांसाठी कुत्र्याच्या वजनाप्रमाणे द्यावयाची स्वतंत्र औषधे मिळतात. गाईगुरांवर फवारण्याचे गोचीडनाशकही पशुवैद्याच्या सल्ल्यावाचून कुत्र्यावर वापरू नये, कारण त्याची मात्रा निराळी असते. जखमेतील अळ्या चिमट्याने काढून जखम धुणे हे काम पशुवैद्य काही मिनिटांत करतात. दवाखान्यात नेईपर्यंत जखम स्वच्छ फडक्याने झाकावी म्हणजे नव्या माशा बसणार नाहीत.

अपघात घडल्यास काय करावे

(१) प्रथम कुत्र्यास त्या जागेपासून दूर, मोकळ्या हवेत न्यावे. त्याने काय घेतले, किती घेतले व केव्हा घेतले हे पाहावे. बाटली अथवा वेष्टन टाकून देऊ नये, ते दवाखान्यात बरोबर न्यावे. अर्धा उपचार त्या वेष्टनावरील मजकुरावर अवलंबून असतो.

(२) अंगावर सांडले असल्यास भरपूर स्वच्छ पाण्याने पुष्कळ वेळ धुवावे. कोरडी भुकटी असेल तर ती आधी कोरड्या फडक्याने झटकावी, मग धुवावे. फिनाईल व रॉकेल तेलकट असल्याने सौम्य साबण लावावा. धुणाऱ्याने हातमोजे घालावेत, नसतील तर हातांस प्लास्टिकच्या पिशव्या बांधाव्यात. कुत्र्यास अंग चाटू देऊ नये.

(३) डोळ्यांत गेल्यास १५ ते २० मिनिटे स्वच्छ पाण्याची संथ धार धरावी. कोणतेही काजळ, मध वा तूप डोळ्यात घालू नये.

(४) उलटी करविण्याचा प्रयत्न करू नये. हा नियम सर्वांत महत्त्वाचा होय. आम्ल किंवा सोडा आत जाताना अन्ननलिका एकदा भाजतो, उलटीबरोबर बाहेर येताना तीच पुन्हा भाजतो. रॉकेल, पांढरे फिनाईल व साबणाचा फेस उलटीच्या वेळी फुफ्फुसात जातो. मिठाचे पाणी पाजणे तर दुहेरी धोक्याचे, कारण अधिक मीठ हे कुत्र्यास स्वतःच विष आहे.

(५) आम्लावर उतारा म्हणून सोडा, अथवा सोड्यावर उतारा म्हणून लिंबू देऊ नये. दोहोंच्या संयोगाने पोटात उष्णता निर्माण होते व आम्ल-सोड्याच्या संयोगातून वायूही निघतो. तेल व तूपही पाजू नये. कुत्रा शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर त्याच्यापुढे थोडे स्वच्छ पाणी ठेवावे. जबरदस्तीने तोंडात काहीही ओतू नये.

(६) त्वरित पशुवैद्याकडे जावे. जवळच्या शासकीय पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करावी, किंवा १९६२ ह्या निःशुल्क क्रमांकावर दूरध्वनी करावा. प्रकृती अधिक बिघडल्यास नागपूर येथे १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथेही जाता येते. लक्षणे दिसण्याची वाट पाहू नये. कॉस्टिक सोडा व फरशी-द्रव यांची लक्षणे उशिरा दिसतात, हे वर सांगितलेच आहे.

लाळ गळणे आणि पिसाळणे

येथे एका गैरसमजाचा उल्लेख करणे अवश्य आहे, कारण त्यात कुत्र्याचा व मनुष्याचा, दोघांचाही जीव गुंतलेला आहे. तोंड भाजलेल्या कुत्र्याची लाळ गळते, त्यास गिळता येत नाही, तो अस्वस्थ होऊन तोंडावर पंजे मारतो. पिसाळलेल्या कुत्र्याचीही लाळ गळते व त्यासही गिळता येत नाही. गावात ओरड होते की कुत्रा पिसाळला, आणि काठ्यांनी तो मारला जातो. ज्याने रात्रभर पुंजणे राखले तो कुत्रा, सकाळी मोरीतले पाणी प्यायला एवढ्याच अपराधासाठी प्राणास मुकतो.

याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे. आपल्या कुत्र्याने काही चाटले असेल असे समजून घरातील मनुष्य त्याच्या तोंडात हात घालून पाहतो, आणि तो कुत्रा खरोखर पिसाळलेला असतो. म्हणून खात्री होईपर्यंत मधला मार्ग धरावा. कुत्र्यास मारू नये, आणि त्याच्या तोंडात उघडा हातही घालू नये. मुलांना दूर ठेवावे. कुत्र्यास बंद जागेत सुरक्षित ठेवून पशुवैद्यास बोलवावे. त्याची लाळ कोणाच्या जखमेस लागली असेल अथवा कुत्रा चावला असेल, तर ती जागा साबण व वाहते पाणी यांनी १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. कुत्र्यास पिसाळरोगाची लस दरवर्षी टोचलेली असेल तर अशा वेळी निर्णय घेणे पुष्कळ सोपे जाते.

स्वच्छता सोडू नये, पद्धत बदलावी

हे सर्व वाचून कोणी स्वच्छताच सोडील, तर तेही इष्ट नव्हे. कुत्र्याच्या पिलांस होणाऱ्या पार्व्हो नावाच्या रोगाचा विषाणू १९७८ च्या सुमारास प्रथम ओळखला गेला. रक्ती हगवण करणारा हा रोग पुष्कळ पिलांचा बळी घेतो. त्याचा विषाणू जमिनीवर महिनोन्‌महिने टिकतो, आणि फिनाईल व सुवासिक द्रव यांनी त्याचा नाश होईलच असा भरवसा नसतो. पिलांस वेळेवर लस टोचणे हा त्यावरील मुख्य उपाय होय. स्वच्छता त्याच्या जोडीस हवी, परंतु ती योग्य रीतीने व्हावी.

कुत्र्याची जागा स्वच्छ करण्याची रीत अशी. प्रथम कुत्र्यास दुसरीकडे बांधावे. विष्ठा, केस व माती काढून जागा साबणाच्या पाण्याने घासावी व धुवावी. घाणीवर ओतलेले जंतुनाशक वाया जाते. त्यानंतर सुमारे ५ टक्क्यांचे द्रव ब्लीच एक भाग व पाणी तीस भाग, म्हणजे ३ लिटर पाण्यास १०० मिलिलिटर, असे मिश्रण त्याच दिवशी ताजे करून जागेवर १० मिनिटे राहू द्यावे. मग स्वच्छ पाण्याने दोनदा धुऊन जागा पूर्ण वाळू द्यावी. ऊन लागेल तर उत्तमच. वाळल्याखेरीज कुत्र्यास परत आणू नये. त्याची ताटली व पाण्याचे भांडे यांस फिनाईल लावू नये. ती राखेने अथवा साबणाने घासून भरपूर पाण्याने धुवावीत.

घरातील रोजच्या फरशीसाठी साधे पाणी व अगदी थोडा साबण बहुतेक वेळा पुरतो. फरशी-द्रव वापरावयाचा असल्यास वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणातच पाण्यात घालावा. अधिक द्रव म्हणजे अधिक स्वच्छता हा हिशेब चुकीचा आहे. फरशी पुसून झाल्यावर दुसऱ्यांदा साध्या पाण्याने पुसावी, दारे-खिडक्या उघडाव्यात, आणि पोतेऱ्याची बादली तत्काळ रिकामी करावी. अंगणात कुत्र्यासाठी स्वच्छ पाण्याचे भांडे सदैव भरलेले असावे. ज्याची तहान अंगणात भागते तो मोरीकडे वळत नाही.

साठवण व इतर दक्षता

दारावर विकावयास येणारे फिनाईल पुष्कळदा जुन्या शीतपेयाच्या अथवा दारूच्या बाटल्यांतून मिळते. त्यावर नाव नसते, घटक नसतात, प्रमाण नसते. अपघात झाल्यास पशुवैद्यास काय सांगणार? शक्य तो वेष्टन व मजकूर असलेला माल घ्यावा. सुटा माल घेतलाच तर बाटलीवर ठळक अक्षरांत नाव लिहून चिकटवावे. मुलांच्या दृष्टीनेही हे आवश्यक आहे. आम्लाच्या किरकोळ विक्रीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये निर्बंध घातले, त्यावरूनच ह्या द्रव्याची भयंकरता ध्यानी यावी. ही सर्व द्रव्ये कडी असलेल्या फडताळात, उंचावर ठेवावीत. गोठ्याच्या कोपऱ्यात, न्हाणीच्या उंबरठ्याशी अथवा खाटेखाली ठेवू नयेत.

भटक्या कुत्र्यांनी दाराशी घाण करू नये म्हणून काही लोक निळीच्या पाण्याच्या बाटल्या फाटकाशी टांगतात. त्याने कुत्री थांबत नाहीत, परंतु अपायही होत नाही. काही जण मात्र फाटकाशी आम्ल वा फिनाईल ओततात. त्या जागेवरून भटका कुत्रा जातो, तसा आपला कुत्राही जातो आणि अनवाणी मूलही जाते. प्राण्यास हेतुपुरस्सर अपायकारक द्रव्य देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे गुन्हा आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ प्रमाणे प्राण्यास ठार मारणे, विष घालणे अथवा निकामी करणे ह्यासाठी पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. भटक्यांचा उपद्रव कमी करावयाचा असेल तर उकिरडा झाकावा, उष्टे-खरकटे उघड्यावर टाकू नये आणि नसबंदी व लसीकरणासाठी ग्रामपंचायतीकडे मागणी करावी.

शेवटी एवढेच सांगावयाचे की, ह्यात खर्चाचे असे काही नाही. बादली रिकामी करणे, फरशी दुसऱ्यांदा पुसणे, बाटली उंच फडताळात ठेवणे, पाण्याचे भांडे भरणे आणि फिनाईलला औषध न समजणे, ही पाच कामे कोणत्याही घरास करता येतील. शेणाने सारवलेल्या अंगणात जो कुत्रा निर्धास्त निजत होता, त्यास फरशीच्या घरातही तसेच निर्धास्त निजता यावे. आपली झोप तो राखतो. त्याची झोप राखणे आपल्याकडे आहे.